डिस्कलेस मशीन नेटवर्कवरून बूट होत नाही: कुठे अडलं ते आधी ओळखा, मग हात लावा

हार्ड डिस्क नसलेल्या मशीनकडे स्वतःचं असं काहीच नसतं. पत्ता राउटर देतो, बूट फाइल सर्व्हर देतो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) सर्व्हरचा, डेस्कटॉपही सर्व्हरचाच. सगळी उसनवारी. त्यामुळे मशीन अडलं की बिघाड मशीनमध्येच असेल असं धरून चालत नाही. पण उसनवारीची ही साखळी ठरलेल्या क्रमाने चालते आणि जिथे तुटते तिथे पडद्यावर एक ओळ सोडून जाते. ती न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करणं ही सगळ्यात जास्त वेळ खाणारी सवय आहे. चालू असलेली सतरा मशीनही त्याने बंद पडतात.

इथे धरलेली रचना शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये नेहमी दिसते तीच आहे. एक उबंटू किंवा डेबियन सर्व्हर, त्यावर नवं एलटीएसपी (सर्व्हरवरून डिस्कलेस मशीन चालवणारी प्रणाली), म्हणजे २०१९ साली नव्याने लिहिलेलं १९.०८ किंवा त्यापुढचं. आयपी पत्ते राउटर वाटतो (या वाटपाला डीएचसीपी म्हणतात), बूटची माहिती सर्व्हरवरचं डीएनएसमास्क नावाचं सॉफ्टवेअर प्रॉक्सी म्हणून, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता, देतं. खाली १५-२० डिस्कलेस मशीन. तुमची रचना वेगळी असली तरी कर्नल येईपर्यंतचा भाग जवळपास सारखाच लागू पडेल. पडद्यावरचे संदेश आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. सर्व्हरवरच्या कमांडना बहुतेक ठिकाणी पुढे सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लागेल.

साखळी अशी आहे: मशीनच्या लॅन कार्डातलं पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करायची सोय) जागं होतं आणि नेटवर्कवर पत्ता मागतं. मग टीएफटीपीने (फाइल आणायची एक साधी पद्धत) आयपीएक्सईची, म्हणजे पीएक्सईच्याच जास्त ताकदीच्या भावाची, छोटी फाइल आणतं. आयपीएक्सई पुन्हा पत्ता मागतं, मेन्यू दाखवतं, कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हर वगैरेंचं गाठोडं) उतरवतं. कर्नल सुरू झाला की तो तिसऱ्यांदा पत्ता मागतो, एनएफएसवरून (नेटवर्कवर फोल्डर वाटायची सोय) इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टमची तयार प्रत, जोडतो आणि लॉगिन येतं. एकाच बूटमध्ये तीन वेगवेगळे प्रोग्राम तीनदा पत्ता मागतात, हे पक्कं लक्षात ठेवा. पहिल्यांदा पत्ता मिळाला म्हणजे तिसऱ्यांदा मिळेलच असं नाही. अर्ध्यात थांबणाऱ्या मशीनचं कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं.

लक्षणं

पहिला प्रश्न: एकच मशीन अडलंय, एका रांगेतली सगळी, की अख्खी लॅब? एक असेल तर केबल, मदरबोर्डवरचा सेल किंवा बायोस (मशीन चालू होताना पहिलं चालणारं सॉफ्टवेअर). एक रांग असेल तर त्या रांगेचा स्विच. अख्खी लॅब असेल तर राउटर किंवा सर्व्हर. कुठली अडतील याचा नेम नसेल, आज ही तर उद्या ती, तर नेटवर्कवर पत्ते वाटणारा दुसरा कुणीतरी घुसलाय किंवा पत्ते संपलेत.

दुसरा प्रश्न: शेवटची ओळ कोणती? मोबाइलने फोटो काढा, कारण ती दोन-तीन सेकंदांत पुसली जाते.

‘पीएक्सई-ई६१: मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’ – लिंकच नाही. सर्व्हरकडे जाऊ नका.

‘पीएक्सई-ई५१: नो डीएचसीपी ऑर प्रॉक्सी-डीएचसीपी ऑफर्स’ – हाक मारली, कुणीच उत्तर दिलं नाही.

‘पीएक्सई-ई५२’ – सर्व्हरचा प्रॉक्सी बोलला, पण पत्ता देणारा राउटर गप्प.

‘पीएक्सई-ई५३: नो बूट फाइलनेम रिसीव्हड’ – नेमकं उलट. राउटरने पत्ता दिला, सर्व्हर गप्प.

‘पीएक्सई-ई५५’ – प्रॉक्सी सापडला, पण पोर्ट ४०११ वर उत्तर देत नाही. बहुतेक वेळा फायरवॉल.

‘पीएक्सई-ई३२: टीएफटीपी ओपन टाइमआउट’ – फाइल मागितली, दारच उघडलं नाही.

‘पीएक्सई-टी०१: फाइल नॉट फाउंड’ – दार उघडलं, पण त्या नावाची फाइल तिथे नाही.

यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असलेल्या मशीनवर भाषा थोडी वेगळी असते. ‘स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४’ म्हणून थांबतं, मग ‘ई१६’ म्हणजे ऑफर आली नाही, ‘ई१८’ म्हणजे सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही, ‘ई२३’ म्हणजे टीएफटीपीने चूक कळवली. ‘एनबीपी फाइल डाउनलोडेड सक्सेसफुली’ म्हणून पुन्हा बूट मेन्यूवर येत असेल, तर नेटवर्कचं काम झालंय. दोष आलेल्या बूट फाइलमध्ये (एनबीपी ती हीच) किंवा सिक्युअर बूटमध्ये, म्हणजे सही नसलेली फाइल अडवणाऱ्या सेटिंगमध्ये, आहे.

आणि एक लक्षण कोडशिवायचं: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. म्हणजे मशीनने नेटवर्क करून पाहिलंच नाही.

फुकटच्या तपासण्या

चालू करण्याचा क्रम बघा. लाइट जाऊन आली की सगळं एकदम सुरू होतं, पण डिस्कलेस मशीनला पीएक्सईपर्यंत यायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि सर्व्हरला एक-दोन मिनिटं. सर्व्हर उठेपर्यंत मशीन थकून थांबलेली असतात. स्विच आणि राउटरही उठायला वेळ घेतात. मेन स्विच टाकल्यावर आधी राउटर आणि स्विच, मग सर्व्हर, सर्व्हरची लॉगिन स्क्रीन आल्यावर मशीन, असा क्रम फळ्यावर लिहून ठेवला की सकाळच्या निम्म्या तक्रारी संपतात. सर्व्हर, राउटर आणि स्विच तिन्ही यूपीएसवर हवेत. नुसता सर्व्हर यूपीएसवर ठेवून स्विच भिंतीच्या बोर्डात लावलेला असला तर त्या यूपीएसचा बूटच्या दृष्टीने उपयोग नाही.

लॅन पोर्टाचे दिवे बघा. मशीन चालू असताना मागच्या पोर्टावर आणि स्विचवर त्याच केबलच्या टोकाला दिवा हवा. मशीनकडे दिवा नाही आणि स्विचकडेही नाही, तर केबल किंवा पोर्ट. स्विचवरच्या दुसऱ्या, चालू असलेल्या पोर्टात तीच केबल खोचा. दिवा लागला तर जुना पोर्ट मेलाय.

शेजाऱ्याची केबल लावून बघा. चालणाऱ्या मशीनची केबल न चालणाऱ्याला. बिघाड केबलबरोबर सरकला तर केबल, मशीनबरोबर राहिला तर मशीन. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि निष्कर्ष पक्का. तरी ही तपासणी जवळपास कुणी पहिल्यांदा करत नाही.

पडद्यावरचा पत्ता वाचा. जुन्या बायोसवर पत्ता मिळाला की ‘क्लायंट आयपी’, ‘मास्क’, ‘डीएचसीपी आयपी’ आणि प्रॉक्सी असेल तर ‘प्रॉक्सी आयपी’ अशी ओळ येते. यातला ‘डीएचसीपी आयपी’ हा पत्ता देणाऱ्याचा पत्ता. तो तुमच्या राउटरचा नसेल, समजा लॅब १९२.१६८.१ मालिकेत आहे आणि इथे १९२.१६८.०.१ दिसतंय, तर कुणीतरी वायफायसाठी जुना राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट तुमच्या स्विचमध्ये खोचलाय. तो पहिल्यांदा उत्तर देतो तेव्हा मशीन अडतं, तुमचा राउटर आधी पोचतो तेव्हा बूट होतं. बेभरवशी बिघाडाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. तो राउटर शोधायला ऑफिस, स्टाफरूम आणि प्राचार्यांच्या केबिनपासून सुरुवात करा. हवाच असेल तर त्यातलं डीएचसीपी बंद करून ठेवा.

वायफायवरून पीएक्सई होत नाही. लॅपटॉपची केबल काढून ‘वायफाय तर चालू आहे’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

वडापाव-चहाच्या खर्चातल्या तपासण्या

बायोसचा सेल. लक्षण ओळखीचं आहे: आठवडाभर चालणारं मशीन सोमवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘प्रॉपर बूट डिव्हाइस’ मागतं, कुणीतरी बायोसमध्ये जाऊन नेटवर्क बूट चालू करतं, शनिवारपर्यंत सुरळीत, आणि सोमवारी पुन्हा तेच. रोज संध्याकाळी नुसतं शटडाउन होतं तेव्हा एसएमपीएसचा (मशीनच्या पॉवर सप्लायचा) स्टँडबाय पुरवठा सेटिंग जपतो. सुट्टीत मेन स्विच बंद झाला की सगळा भार सेलवर येतो. सेल संपलेला असला की बायोस कारखान्यातल्या सेटिंगवर जातं आणि तिथे नेटवर्क बूट सहसा बंद असतं. तारीख मागे गेलेली दिसली तर शंकाच नको.

सेल सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर नवा ३ च्या थोडा वर दाखवतो. २.७ च्या खाली असला की बदलाच. पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, कडेची पत्ती बाजूला सरकवा, सेल उडून वर येतो. नवा बसवताना अधिकची बाजू वर. लॅबमधली मशीन एकाच खरेदीतली असतील तर एक सेल गेला की बाकीचेही रांगेत असतात. सगळ्यांचे एकदम बदला, नाहीतर प्रत्येक सोमवारी एक.

सेल बदलल्यावर बायोसमध्ये काय तपासायचं: ऑनबोर्ड लॅन चालू, लॅनचा पीएक्सई रॉम किंवा ऑप्शन रॉम चालू. यूईएफआय असेल तर ‘नेटवर्क स्टॅक’ आणि त्याच्या आतलं ‘आयपीव्ही४ पीएक्सई’ दोन्ही चालू. वरचं चालू केल्याशिवाय आतलं दिसतच नाही, म्हणून बरेच जण तिथूनच परत फिरतात. बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं. फास्ट बूट बंद, कारण काही बोर्डांवर त्याने लॅन कार्ड जागंच होत नाही. सिक्युअर बूट बंद. आयपीएक्सईच्या नेहमीच्या फाइलवर ग्राह्य सही नसते आणि सिक्युअर बूट तिला दारातच अडवतं. संस्थेच्या धोरणामुळे सिक्युअर बूट चालूच ठेवायचं असेल, तर सही असलेल्या शिम आणि ग्रब या बूट प्रोग्रामनी बूट करायची वेगळी मांडणी करावी लागते. हा अर्ध्या तासाचा उद्योग नव्हे.

केबलचं टोक. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली केबल कधी १०० वर चालते, कधी गिगाबिट जमवायच्या नादात लिंक पकडते-सोडते. विंडोजचा लॅपटॉप अशा केबलवर इंटरनेट दाखवतो आणि ‘केबल तर चांगली आहे’ असा निर्वाळा मिळतो. पीएक्सईला एवढी दमछाक सोसत नाही. साधा लॅन टेस्टर लावा, आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत. एखादा चुकला तर टोक कापून नवा जॅक क्रिम्प करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकची पट्टी खाली ठेवून, डावीकडून. बाहेरचं आवरण जॅकच्या आत दाबलं गेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं की खुर्चीच्या पायाने केबल ओढली जाते आणि महिन्याभरात तार निसटते. फॉल्स सीलिंगमधून गेलेली केबल असेल तर उंदीर विसरू नका.

पेनड्राइव्हवर आयपीएक्सई. हे एक हत्यार तयार करून ठप्प झालेल्या दिवसासाठी खणात ठेवा. आयपीएक्सईची आयएसओ किंवा यूएसबी इमेज पेनड्राइव्हवर लिहायची, अडलेलं मशीन त्यावरून चालू करायचं आणि कंट्रोल-बी दाबायचं. ‘आयएफस्टॅट’ टाइप केलं की लिंक आहे का ते दिसतं, ‘डीएचसीपी’ टाइप केलं की पत्ता मिळतो का ते कळतं. पेनड्राइव्हवरून सगळं चालत असेल तर नेटवर्क आणि सर्व्हर निर्दोष. दोष त्या मशीनच्या बायोस सेटिंगमध्ये किंवा लॅन रॉममध्ये आहे. मशीन जुनं असेल आणि रॉमच बिघडला असेल, तर तो छोटा पेनड्राइव्ह कायमचा मागे लावून ठेवणं हा लाजिरवाणा पण उत्तम इलाज आहे.

स्विच: फुकटचा प्रयोग, महागडं कारण

साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचवर हा भाग वाचायची गरज नाही. कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या मॅनेज्ड स्विचवर मात्र हाच पहिला संशयित.

अशा स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींचा लूप टाळणारी सोय) चालू असतं. लिंक लागली की पोर्ट लगेच डेटा सोडत नाही. जुन्या पद्धतीत १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग उघडतो. पीएक्सई पत्त्यासाठी ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशा वाढत्या अंतराने वाट बघतं, म्हणून पहिला टप्पा बऱ्याचदा रखडत का होईना पार पडतो. मग आयपीएक्सई येतं, लॅन कार्ड नव्याने चालू करतं, त्यात लिंक क्षणभर तुटते आणि स्विच पुन्हा शून्यापासून ३० सेकंद मोजू लागतो. आयपीएक्सईला एवढा धीर नाही, ते ‘नो कॉन्फिगरेशन मेथड्स सक्सीडेड’ म्हणून हात टेकतं. तिथे निभावलं तर कर्नलच्या वेळी पुन्हा तेच. मशीन दरवेळी एकेका टप्प्याने पुढे जाऊन थांबतं आणि लोक टीएफटीपीच्या फाइली बदलत बसतात.

प्रयोग सोपा आहे. पाच पोर्टांचा साधा स्विच मशीन आणि भिंतीतल्या पोर्टाच्या मध्ये लावा, दोन मिनिटं थांबा आणि मग मशीन चालू करा. मशीनकडची लिंक तुटली तरी छोट्या स्विचची वरची लिंक तुटत नाही, त्यामुळे मोठ्या स्विचला काही कळत नाही. असं करून बूट झालं तर निदान झालं. कायमचा इलाज म्हणजे मशीनकडे जाणाऱ्या पोर्टांवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग) चालू करणं. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टांवर ते चालू करू नका, चुकून लूप झाला तर अख्खं नेटवर्क बसेल. स्विचचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर तो शोधत बसू नका. ज्याच्याकडे आहे त्याला ‘छोटा स्विच मध्ये टाकल्यावर चालतं’ एवढं सांगा. जाणकाराला तेवढं वाक्य पुरतं.

पोर्टांवर ऊर्जाबचतीचं इथरनेट चालू असेल तर तेही बंद करून बघा. काही लॅन कार्डांचं त्याच्याशी जमत नाही.

राउटर

पत्ते संपणं. राउटरने वाटायला ५० पत्ते ठेवलेत, मुदत २४ तास, मशीन २० – म्हणजे पुरायला हवेत. पण पीएक्सई आणि कर्नल स्वतःची ओळख वेगवेगळी सांगतात, त्यामुळे काही राउटर एका मशीनला दोन पत्ते देऊन बसतात. वर सगळ्यांचे मोबाइल. दुपारनंतर ई५२ येतंय आणि सकाळी येत नव्हतं, तर राउटरची लीज यादी (वाटलेल्या पत्त्यांची यादी) उघडून बघा. मुदत दोन तासांवर आणा आणि पत्त्यांची पट्टी वाढवा.

राउटर बदलला गेलाय का? इंटरनेटवाला माणूस नवा डबा लावून जातो आणि लॅबची मालिका १९२.१६८.१ वरून दुसरीच होते. डीएनएसमास्कच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रॉक्सीच्या ओळीत जुनाच सबनेट (पत्त्यांची मालिका) लिहिलेला असतो, म्हणून सर्व्हर गप्प बसतो आणि सगळीकडे ई५३. सर्व्हरला नव्या मालिकेतला कायमचा पत्ता द्या, ‘एलटीएसपी डीएनएसमास्क’ पुन्हा चालवा. सर्व्हरचा पत्ता राउटरच्या मर्जीवर ठेवणं ही मुळातली चूक, ती याच निमित्ताने सुधारून घ्या.

राउटरमध्ये कुणी ऑप्शन ६६ आणि ६७ (बूट सर्व्हर आणि बूट फाइलचं नाव सांगणारे डीएचसीपीचे रकाने) भरून ठेवलेत का? प्रॉक्सीच्या रचनेत ते रिकामे हवेत. ६७ मध्ये जुन्या बायोसची फाइल लिहिलेली असेल तर यूईएफआय मशीन ती निमूट उतरवून घेतं आणि बूट मेन्यूवर परततं. जुन्या बायोसला ‘यूएनडीआयओन्ली डॉट केपीएक्सई’ लागते, ६४ बिटच्या यूईएफआयला ‘एसएनपीओन्ली डॉट ईएफआय’. मशीन पत्ता मागतानाच आपली जात आकड्यात सांगतं, जुनं बायोस ० आणि यूईएफआय ७ किंवा ९. डीएनएसमास्क त्या आकड्यावरून फाइल निवडतं. राउटरला ही निवड सहसा जमत नाही.

सर्व्हर

इथे येईपर्यंत वरचं सगळं झालेलं असावं. सर्व्हरवर एक खिडकी उघडून ‘जर्नलसीटीएल -एफ -यू डीएनएसमास्क’, म्हणजे डीएनएसमास्कचा लॉग, चालू ठेवा आणि अडलेलं मशीन सुरू करा.

एकही नवी ओळ आली नाही, तर हाक सर्व्हरपर्यंत पोचत नाही किंवा डीएनएसमास्कच बंद आहे. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस डीएनएसमास्क’ बघा. ‘पोर्ट ५३: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ दिसलं तर उबंटूची नावं शोधणारी सेवा आणि डीएनएसमास्क एकाच पोर्टासाठी भांडताहेत. ‘पोर्ट=०’ ही ओळ डीएनएसमास्कला नावं शोधण्याच्या कामातून मोकळं करते, बूटला त्याची गरज नाही. एलटीएसपीने बनवलेल्या फाइलमध्ये ती असते. हाताने लिहिलेल्या फाइलमध्ये राहून जाते.

डीएनएसमास्क चालू आहे तरी ओळ येत नाही, तर ‘टीसीपीडम्प’ने पोर्ट ६७, ६८, ६९ आणि ४०११ वर कान लावा. मशीनची हाक दिसते पण उत्तर जात नाही: सबनेट किंवा फायरवॉल. हाकच दिसत नाही: मधला स्विच किंवा व्हीलॅन (स्विचमधली नेटवर्कची वेगवेगळी वाटणी).

फायरवॉलमध्ये एकेक पोर्ट मोजत बसण्यापेक्षा लॅबच्या सबनेटला सर्व्हरवर पूर्ण मोकळीक द्या. वाटेत वेगळी फायरवॉल असेल तर टीएफटीपीचा एक स्वभाव माहीत हवा: फाइल पोर्ट ६९ वर मागितली जाते, पण सर्व्हर ती नव्याच पोर्टावरून पाठवतो. नुसतं ६९ उघडून भागत नाही.

फाइल अर्धवट उतरून थांबते तेव्हा ती कुठे थांबते ते दोन-तीनदा बघा. दरवेळी वेगळ्या जागी थांबली तर केबल किंवा गर्दी. दरवेळी अगदी त्याच जागी थांबली तर ब्लॉकचा हिशेब. टीएफटीपी एक तुकडा पाठवतं, पोच येईपर्यंत थांबतं, मग पुढचा. तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच. ५१२ बाइटचा तुकडा धरला तर ३२ एमबीला क्रमांक संपतात, १,४६८ बाइटचा धरला तर सुमारे ९२ एमबीला. पुढे क्रमांक पुन्हा शून्यावरून मोजायचे असतात आणि काही जुन्या क्लायंटना ते जमत नाही. इनिटआरडी आता सहज तेवढं मोठं होतं. इलाज दोन: इनिटआरडी बारीक करा, किंवा आयपीएक्सईला कर्नल आणि इनिटआरडी एचटीटीपीवरून उतरवायला सांगा. दुसरा इलाज वेगही वाढवतो.

गर्दीचा हिशेबही करून बघा. एका मशीनला १०० एमबी, २० मशीनना २ जीबी. सर्व्हरचा पोर्ट १०० एमबीपीएसवर अडकला असेल तर सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी जातात, म्हणजे सगळं सुरळीत असूनही तीन मिनिटं. तेवढ्यात अर्धी मशीन टाइमआउट होतात. ‘इथटूल’ने सर्व्हरचा वेग तपासा, १००० हवा. नसेल तर पुन्हा केबलच्या आठ तारांकडे या. वेग वाढेपर्यंत मशीन पाच-पाचच्या गटाने चालू करा.

आयपीएक्सई पुन्हा पुन्हा स्वतःलाच उतरवत गोल फिरत असेल, तर सर्व्हर त्याला ओळखत नाही. आयपीएक्सई पत्ता मागताना ऑप्शन १७५ पाठवतं. ते आलं की मेन्यूची फाइल द्यायची, नाही आलं तर आयपीएक्सई द्यायचं, हा नियम डीएनएसमास्कमध्ये हवा. ‘इनिशियलायझिंग डिव्हाइसेस’वर गोठत असेल, तर त्या मशीनला ‘एसएनपीओन्ली’ऐवजी ‘आयपीएक्सई डॉट ईएफआय’ देऊन बघा. पहिली मशीनचा ड्रायव्हर वापरते, दुसरी स्वतःचा.

कर्नल सुरू झाल्यानंतर

‘नो डिव्हाइसेस टु कॉन्फिगर’ किंवा तत्सम ओळ आली, तर इनिटआरडीत त्या लॅन कार्डाचा ड्रायव्हर नाही. नव्या मदरबोर्डवरच्या २.५ गिगाबिट कार्डांना जुना कर्नल ओळखत नाही. सर्व्हरवर ‘इनिटरामएफएस डॉट कॉन्फ’मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ आहे ना ते बघा. ‘डेप’ असेल तर फक्त सर्व्हरच्याच हार्डवेअरचे ड्रायव्हर भरले जातात. बदलल्यावर इनिटआरडी नव्याने बनवा आणि ‘एलटीएसपी इमेज /’ चालवा.

‘अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’ असं कर्नल पॅनिक आलं, तर इनिटआरडी अर्धवट पोचलंय किंवा रॅम अपुरी आहे. १ जीबीच्या मशीनवर आजचा डेस्कटॉप ओढूनताणून चालवण्यात अर्थ नाही, २ जीबी तरी हवी.

‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ म्हणजे एनएफएस. दुसऱ्या मशीनवरून ‘शोमाउंट -ई’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता देऊन यादी येते का बघा. नाही आली तर ‘एलटीएसपी एनएफएस’ पुन्हा चालवा, पोर्ट २०४९ तपासा.

डेस्कटॉप आला पण आवाज नाही, रिझोल्यूशन चुकलेलं: कर्नल एका आवृत्तीचा, इमेज दुसऱ्या. कुणीतरी कर्नल हाताने कॉपी केलाय किंवा इमेज बनताना डिस्क भरली. ‘डीएफ -एच’ बघा, जागा करा, इमेज पुन्हा बनवा.

बूट झालं, पण नव्या विद्यार्थ्याचं लॉगिन होत नाही: खाती इनिटआरडीत भरलेली असतात. ‘एलटीएसपी इनिटआरडी’ चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा. सर्व्हर नव्याने बसवल्यावर एसएसएचच्या (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच्या) किल्ल्या बदलतात, तेव्हाही हेच. नुसता पासवर्ड बदलला असेल तर याची गरज नाही, तो एसएसएचने थेट सर्व्हरवर तपासला जातो. कुणाचंच लॉगिन होत नसेल तर एसएसएच सेवा चालू आहे का ते आधी बघा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पुढचं काहीही तपासू नका. अर्थिंगचं काम आहे, इलेक्ट्रिशियन बोलवा आणि तोवर लॅब बंद. एसएमपीएस उघडू नका, बंद असतानाही आत धोकादायक व्होल्टेज राहतं. जळका वास आला तर त्या मशीनची पिनच काढा.

वळवाच्या पावसात वीज कडाडून गेल्यावर एकदम तीन-चार पोर्ट मेले, विशेषतः दोन इमारतींमधून गेलेल्या केबलच्या टोकाचे, तर नवीन स्विच आणून तिथेच लावू नका. पुढच्या वादळात तोही जाईल. इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबर टाकणाऱ्या नेटवर्कवाल्याचं काम आहे ते.

सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘आय-ओ एरर’ दिसत असतील तर इमेज पुन्हा बनवायचा प्रयत्न करू नका. मरणाऱ्या डिस्कवर दोन-चार जीबी लिहिणं म्हणजे तिला शेवटचा धक्का. मुलांचे होम फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा. ते जमत नसेल तर सर्व्हर बंद करून जाणकाराकडे द्या.

बायोस फ्लॅश करणं, संस्थेच्या मुख्य स्विचचं व्हीलॅन बदलणं, आणि बॅकअप नसलेल्या सर्व्हरची आवृत्ती चढवणं – ही तीन कामं पोस्ट वाचून करायची नाहीत.

बोलावलेल्या माणसाला हे हातात द्या: शेवटच्या ओळीचा फोटो, किती आणि कुठली मशीन अडतात, केबल अदलाबदलीचा निकाल, पेनड्राइव्हवरून काय झालं, आणि त्या वेळच्या डीएनएसमास्कच्या लॉगच्या वीस-पंचवीस ओळी.